शॉक दिले तर आईला पुन्हा भरती करावं लागणार नाही ना?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. आई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, घर इंदूरला. सव्वा वर्षात तीव्र नैराश्यासाठी दोनदा रुग्णालयात राहून आल्या आणि आता तिसऱ्यांदा भरती आहेत. जेवण जवळजवळ बंद. 'आपलं घर बुडालंय, पेन्शन थांबलीय, माझी आतडी सुकलीत, माझ्यावर अन्न वाया घालवू नका,' असं म्हणतात. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे आपल्या भाषेत शॉक, सुचवले आहेत. मामांचं म्हणणं, शॉक दिला की माणूस कामातून जातो. पुण्याच्या बहिणीने कुठे तरी वाचलं की शॉक देऊनही निम्म्या लोकांचा आजार उलटतोच. मुलगी विचारते आहे: शॉक दिले तर पुन्हा भरती करावं लागणार नाही याची खात्री आहे का? आणि आईला न सांगता देता येतील का?

खात्री नाही. आणि न सांगता देता येणार नाहीत. पण एवढ्यावर थांबले तर तुम्ही कदाचित शॉक नाकाराल, आणि तुम्ही लिहिलेल्या चित्रावरून ती चूक ठरण्याची शक्यता मला बरीच वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी इंदूरमध्ये पंचवीसेक वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, पण तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही. त्यांचं हृदय, रक्तदाब, चालू औषधं यातलं मला काही माहीत नाही. त्यामुळे माझ्या आणि त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्यात फरक दिसला तर त्यांचं ऐका, आणि फरक का पडला ते त्यांना विचारा.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. आत्ताच्या या खड्ड्यातून आई बाहेर येतील का, हा पहिला. बाहेर आल्यावर बाहेरच राहतील का, हा दुसरा. शॉकचा खरा जोर पहिल्या प्रश्नावर आहे. दुसऱ्याचं उत्तर शॉक संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत ठरतं. घरोघरी गोंधळ इथेच होतो, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यामुळेच होतो.

पहिला प्रश्न आधी. उतारवय, खाणंपिणं सुटलेलं, आणि आतडी सुकली, घर बुडालं असे पक्के भ्रम. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की माझ्या डोक्यात शॉकचा विचार 'शेवटचा उपाय' म्हणून येत नाही, पहिल्या दोनात येतो. भ्रमासह असलेल्या नैराश्यात आणि वयस्क माणसांत त्याचा गुण सर्वांत चांगला येतो, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. गोळ्यांना नीट गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पाणीही न पिणाऱ्या माणसाकडे तेवढे दिवस नसतात. शॉकमध्ये साधारण तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर काही तरी हलायला लागतं. घरचे हसू कधी येतं याची वाट बघत असतात, पण पहिली खूण बहुधा वेगळीच असते. पेशंट स्वतःहून पाणी मागतो, किंवा 'इथली डाळ काय पांचट आहे' अशी तक्रार करतो. तक्रार आली की मला बरं वाटतं.

पण होकार देण्याआधी मी एक काम नक्की करते, आणि तुम्हीही ते करून घ्या. मागच्या दोन वेळा घरी गेल्यावर काय झालं ते तारखेनिशी लिहून काढा. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती आठवडे? गोळ्या कोण देत होतं, आणि त्या कधी सुटल्या? थायरॉइड कधी तपासलं होतं? मधल्या काळात बीपीचं किंवा सांधेदुखीचं नवं औषध सुरू झालं का? 'दोनदा भरती' या दोन शब्दांमागे अगदी वेगळ्या दोन गोष्टी असू शकतात. पूर्ण मात्रेत, पुरेसे दिवस औषध घेऊनही आजार उलटला असेल, तर ते औषध निकामी ठरलं आणि शॉकनंतर परत त्याच एकट्या गोळीवर आईंना सोडण्यात अर्थ नाही. औषध तिसऱ्या आठवड्यातच सुटलं असेल, तर औषध चांगलं असेलही, ते पोटात पोचलंच नाही. पहिल्या प्रकारात चिठ्ठी बदलावी लागते, दुसऱ्यात घरातली व्यवस्था. डिस्चार्जच्या कागदावर दोन्हींची नोंद एकसारखीच दिसते, म्हणून ही माहिती तुमच्याकडूनच यायला हवी.

आता मामा. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या पिढीने जे पाहिलं किंवा ऐकलं ते खोटं नव्हतं. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेती आणि बिनी यांनी माणसाला पहिला शॉक दिला तेव्हा भूल नव्हती. पन्नाशीच्या दशकात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध वापरात आलं, तरी आपल्याकडे भूल न देता शॉक देणं पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. मी शिकत असताना एका वॉर्डात ते पाहिलं आहे. चौघं जण हातपाय धरून उभे. मणक्याला इजा होण्याची भीती असे, आणि पेशंटच्या डोळ्यांतली भीती तर मला आजही आठवते. आता मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं बेकायदा आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी असल्याखेरीज देताच येत नाही. मामांना सांगा, ते ज्याला घाबरतात त्याला कायदाही घाबरला, म्हणून बंदी आली.

आज प्रत्यक्षात काय होतं? सहा-आठ तास आधीपासून उपाशी, म्हणजे सकाळचा चहासुद्धा नाही. आदल्या दिवशी केस धुवायचे आणि डोक्याला तेल लावायचं नाही, कारण तेलामुळे पट्टी नीट बसत नाही. आपल्या आयांना हे सांगूनही रात्री कोणी तरी मायेने तेल घालतंच! कवळी काढायची, नखांचं पॉलिश काढायचं, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात. हातात सुई, मग भूल, मग स्नायू सैल करणारं औषध, तोंडात रबराचा तुकडा. विजेचा प्रवाह काही सेकंदांचा. त्याने मेंदूत फीट येते, ती बहुतेक वेळा अर्धा ते एक मिनिट टिकते. उपचार त्या फीटमध्ये आहे, वीज फक्त ती सुरू करून देते. बाहेरून पाहणाऱ्याला पायाची बोटं थरथरताना दिसतात, फार तर जबडा आवळलेला. दहा-पंधरा मिनिटांत पेशंट डोळे उघडतो, पुढचा अर्धा-एक तास गोंधळलेला असतो. डोकं दुखतं, जबडा दुखतो, त्याला साधी पॅरासिटामॉल पुरते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एकूण सहा ते बारा. निमाडकडच्या खेड्यांतून येणारे लोक याला 'सिकाई' म्हणतात. गुडघा शेकावा तसं डोकं शेकायचं! शब्द चुकीचा असला तरी त्यात भीती कमी आहे, म्हणून मी तो कधी दुरुस्त करत नाही.

जिवाला धोका किती, हे विचारायला लोक लाजतात. अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये जो आकडा निघाला तो एक लाख शॉकमागे साधारण दोन मृत्यू असा आहे. थोडक्यात, धोका मुख्यतः भुलेचा. म्हणून आधी ईसीजी, रक्त, भूलतज्ज्ञांची तपासणी. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा मेंदूत गाठ, सूज असं काही असेल, तर सगळा हिशेब बदलतो.

स्मरणशक्तीबद्दल मात्र मी काही लपवत नाही. परिणाम होतो. नवं लक्षात ठेवण्याची अडचण बहुतेकांत शॉक संपल्यावर काही आठवड्यांत जाते. पण उपचाराच्या आसपासच्या दिवसांच्या, कधी त्याआधीच्या काही महिन्यांच्या आठवणी पुसट होतात, आणि त्यातल्या काही परत येत नाहीत. कोणाला त्याचं काही वाटत नाही. कोणाला फार लागतं, विशेषतः त्या काळात घरात लग्न किंवा बारसं झालं असेल तर. एका बाजूला पट्ट्या लावून किंवा आठवड्यातून दोनदाच शॉक देऊन हा त्रास कमी करता येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा की आईंच्या बाबतीत ते कोणती पद्धत घेणार आहेत आणि का. घाई असेल तर दोन्ही बाजूंची पद्धत लवकर गुण देते, म्हणून कदाचित तीच निवडतील. सुरू होण्याआधी एकदा स्मृतीची साधी चाचणी करून घ्या, नंतर तुलनेला उपयोगी पडते. घरगुती सल्ला असा: लॉकरची किल्ली कुठे आहे, बँकेचे पासवर्ड, भिशीचे हप्ते, हे सगळं आधीच लिहून ठेवा. आणि कोर्स चालू असताना आईंकडून कोणत्याही मालमत्तेच्या कागदावर सही घेऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.

आता पुन्हा भरतीच्या प्रश्नाकडे येते. याचा थेट अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ राज्यांतली सर्वसाधारण रुग्णालयं, आणि तीव्र नैराश्य, बायपोलर (कधी नैराश्य, कधी अति उत्साह) किंवा स्किझोअफेक्टिव्ह (भ्रम-भास आणि मनःस्थितीचे चढउतार एकत्र) आजारासाठी भरती झालेले १,६२,६९१ रुग्ण. डिस्चार्जनंतर ३० दिवसांत पुन्हा भरती होण्याची शक्यता शॉक न दिलेल्यांत १२.३ टक्के निघाली, शॉक दिलेल्यांत ६.६ टक्के. म्हणजे जवळपास निम्मी. फरक पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त दिसला, आणि निव्वळ नैराश्यापेक्षा बायपोलर आणि स्किझोअफेक्टिव्ह रुग्णांत जास्त. आणखी एक गोष्ट मला बोचते: त्या सगळ्या रुग्णांपैकी शॉक मिळाले होते फक्त दीड टक्के लोकांना. भीती फक्त आपल्या मामांना नाही.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. शॉक घेणारे आणि न घेणारे यांची सरळ तुलना फसवी असते. ज्यांचा आजार जास्त त्यांना शॉक मिळतात, म्हणून ते वाईट दिसतील. किंवा ज्यांच्यामागे सही करायला, धावपळ करायला माणसं आहेत त्यांना मिळतात, म्हणून ते चांगले दिसतील. संशोधकांनी यावर तोड काढली ती अशी की त्या रुग्णालयात आदल्या वर्षी शॉक किती प्रमाणात दिले जात होते, त्याचा आधार घेतला. एखादा माणूस शॉक जास्त देणाऱ्या रुग्णालयात भरती झाला की कमी देणाऱ्या, हे त्याच्या आजाराच्या तीव्रतेवर फारसं ठरत नाही. युक्ती चांगली आहे, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याइतकी पक्की नाही. दुसरं म्हणजे हे ३० दिवसांचं मोजमाप आहे. तुमच्या आई सव्वा वर्षात तिसऱ्यांदा आल्या आहेत. तुम्हाला महिन्याचं उत्तर पुरणार नाही, वर्षाचं हवं आहे.

वर्षाचं उत्तर बहिणीने वाचलेल्याच्या जवळ जातं. शॉकने बरं झाल्यावर पुढचे उपचार चालू असलेल्या लोकांतही वर्षभरात साधारण निम्म्यांचा आजार उलटतो. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला आकडा ५१ टक्के आहे, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या सहा महिन्यांतला. पण या 'निम्म्यां'च्या आत काय दडलंय ते बघा. २००१ मध्ये एक अभ्यास आला. शॉकने बरे झालेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले आणि त्यांना २४ आठवडे पाहिलं. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत ८४ टक्के लोकांचा आजार उलटला. नॉरट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध एकटं मिळालेल्यांत ६० टक्के. नॉरट्रिप्टिलीन आणि मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम, दोन्ही मिळालेल्यांत ३९ टक्के. शॉक तिन्ही गटांना तेच होते. ८४ आणि ३९ यांच्यातलं अंतर शॉकनंतर काय केलं याचं आहे. पुढे ६० वर्षांवरच्या लोकांत २०१६ मध्ये असंच पाहिलं गेलं: व्हेनलाफॅक्सिन (हेही नैराश्यावरचंच) आणि लिथियम यांवर सहा महिन्यांत २०.३ टक्के उलटले, आणि त्यासोबत अधूनमधून शॉक चालू ठेवले तेव्हा १३.१ टक्के. तुमच्या आई याच वयाच्या आहेत.

मी हे आकड्यांतून शिकण्याआधी एका आजोबांकडून शिकले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मल्हारगंजातले कापडाचे व्यापारी, सत्तरीचे. दिवाळं निघालंय, पोलीस येणार आहेत, असा भ्रम. आठ शॉकनंतर माणूस उठून बसला, मुनीमजींना वह्या घेऊन बोलावलं. निरोप देताना मी कौतुकाने म्हणाले, 'आजोबा आता अगदी बरे आहेत.' सातव्या आठवड्यात ते परत आले, आधीपेक्षा वाईट. चौकशी केली तर लिथियम गल्लीतल्या औषधवाल्याकडे नव्हतं. तो म्हणाला पुढच्या आठवड्यात येईल. सुनेला वाटलं, आजोबा तर बरे आहेत, डॉक्टरच म्हणाल्या, मग कशाला धावपळ? दोष सुनेचा नव्हता. मी 'बरे आहेत' म्हणाले आणि घरच्यांनी 'संपलं' असं ऐकलं. तेव्हापासून मी सांगते, ताप उतरलाय, टायफॉइड अजून आहे. हे सगळ्यांना लगेच कळतं, कारण ताप उतरल्यावर गोळ्या बंद करून टायफॉइड उलटलेला माणूस प्रत्येक घरात एक तरी असतो.

अर्धवट कोर्स हे आजार उलटण्याचं दुसरं कारण, आणि ते मला लिथियमपेक्षाही जास्त छळतं. पाच शॉक झाले, आई जेवायला लागल्या, नातवाला ओळखून हाक मारली की घरचे म्हणतात, 'बस झालं, डॉक्टर, आता कशाला?' किंवा पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या आहेत, घरी न्यायचंय. जेवायला लागणं ही सुधारणा आहे, पूर्ण बरं होणं नाही. थोडी उदासी, पहाटे तीनला जाग, 'घर बुडालं' याची पुसटशी शंका उरलेली असताना थांबलं, तर आजार लवकर उलटतो. मी साधारणपणे लागोपाठ दोन शॉकमध्ये आणखी काही सुधारणा होत नाही असं दिसेपर्यंत चालू ठेवते. सहा लागतील की अकरा, हे आधी सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो अंदाजच सांगतो.

शॉकनंतरच्या औषधांचा विचार दहाव्या शॉकला सुरू करायचा नसतो, तिसऱ्या-चौथ्याला करायचा असतो. तुमच्या आईंना भ्रम होते, म्हणून भ्रमावरचं औषध किती दिवस चालू राहणार हेही विचारा. भ्रमासह नैराश्यात, शॉक न घेतलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात, सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या गोळीसोबत ओलान्झापिन हे भ्रमावरचं औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३६ आठवड्यांत २०.३ टक्के उलटले. ओलान्झापिन काढून घेतलेल्यांपैकी ५४.८ टक्के. त्याने वजन वाढतं, साखर बघावी लागते, म्हणून जन्मभर द्यावं असं मी म्हणत नाही. पण ते केव्हा थांबवायचं हा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, पोट सुटलं म्हणून भावजयीने नव्हे.

लिथियम दिलं तर आपल्या गावाच्या आणि आपल्या घरांच्या काही खास अडचणी आहेत. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की लिथियमची रक्तातली पातळी चढते. इंदूरचा मे महिना, घाम, जुलाब, आणि त्यात आपल्या आयांचे उपास. चातुर्मासात अळणी धरणाऱ्या, निर्जळा एकादशी करणाऱ्या बायका माझ्याकडे हात थरथरत, पाय लटपटत आलेल्या आहेत. उपास सोडा असं मी म्हणत नाही, कारण सांगितलं तरी सोडत नाहीत. निर्जळा आणि अळणी नको, बाकी फराळ खुशाल करा, एवढं म्हणते. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि बीपीची काही औषधंही पातळी चढवतात. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. किडनी आणि थायरॉइड सहा महिन्यांनी. शॉक चालू असतानाच्या दिवसांत लिथियम बहुधा थांबवतात किंवा कमी ठेवतात, कारण दोन्ही मिळून गोंधळ वाढू शकतो. तेव्हा ते बंद दिसलं तर घाबरू नका, परत कधी सुरू करणार हे विचारा.

औषधांवर नीट राहूनही उलटत असेल, तर शॉक एकदम न थांबवता लांबवत नेतात: आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. सकाळी येऊन दुपारी घरी जायचं, भरती लागत नाही. महूहून दर महिन्याला येणाऱ्या एक बाई मला आठवतात, सोबत डब्यात पोहे असायचे, उठल्यावर खायला. दोन वर्षं त्या भरतीशिवाय राहिल्या. सगळ्यांना हे जमत नाही. येण्याजाण्याचा खर्च, सोबत एक माणूस, त्याची सुट्टी, हे बघूनच ठरवावं लागतं.

घरी गेल्यावरचे पहिले दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोकाही रुग्णालयातून सुटल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत आणि तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून माझा पेशंट सुटला की तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी तपासणी, मग महिनाभर दर आठवड्याला. तुमच्या रुग्णालयात अशी पद्धत नसली तर तुम्ही स्वतः तारखा मागून घ्या. सुटण्याच्या वेळी पुढची योजना करणं कायद्यातही आहे. गोळ्या तुमच्या कुलपात. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, फुकट आणि चोवीस तास.

आणि एक कागद करा. आईंचा आजार मागच्या तिन्ही वेळी कसा सुरू झाला, तेव्हा सर्वांत आधी काय बदललं? प्रत्येक माणसाची खूण वेगळी आणि बहुधा दर वेळी तीच असते. एक आजी रोजचं शब्दकोडं सोडवणं बंद करायच्या. एक आजोबा खिशातली चिल्लर पुन्हा पुन्हा मोजायला लागायचे. दोन-तीन खुणा लिहून फ्रिजवर लावा, आणि त्यातली एक दिसली की पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. त्या वेळी डॉक्टर चार दिवस भरती व्हा म्हणाले तर ते अपयश समजू नका. खाणं सुटल्यावर महिनाभर राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी बायपोलर असेल तर एकच वाक्य: जागरण टाळा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, बघायला रात्रभर राजवाड्यावर उभं राहिलेले माझे दोन-तीन पेशंट दर वर्षी पुढच्या आठवड्यात दवाखान्यात येतात. झांक्या दहापर्यंत बघून घरी जा, गोळी घ्या, झोपा.

राहिला आईंना सांगण्याचा प्रश्न. न सांगता शॉक देणं कायद्यात बसत नाही, आणि कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार म्हणूनही देता येत नाही. आईंची समजून निर्णय घेण्याची क्षमता आत्ता नसेल, तर त्यांच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे बहुधा तुमच्याच, सहीने पुढे जाता येतं. तरी त्यांना सांगायचंच. लपवून दिलेले शॉक नंतर कळतात, आणि मग पेशंट त्या डॉक्टरकडे परत येत नाही, गोळ्याही सोडतो. पुन्हा भरतीचं कारण आपणच तयार करतो.

त्या म्हणतील, 'माझ्यावर पैसे घालवू नका, आतडी सुकलीत.' वाद घालू नका. पेन्शनचं पासबुक दाखवून भ्रम जात नाही, मी करून पाहिलंय. साधं सांगा: तुला झोप लागत नाही, खाणं जात नाही, त्यासाठी सकाळी भूल देऊन उपचार करणार आहेत, मी दाराबाहेर बसलेली असेन. प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागेल, कारण आधी सांगितलेलं त्या विसरतील. आणि थर्मासमध्ये चहा घेऊन बसा. उपाशी राहावं लागल्याची त्यांची पहिली तक्रार चहाबद्दलच असणार. ती तक्रार कितव्या वेळी आली ते डॉक्टरांना सांगा. आम्ही ते कागदावर लिहून ठेवतो.